पाठकोरे

माझ्या बायकोला माझं बहुतेक सगळं ठाऊक आहे. मी कुठे घाबरतो, कुठे फुशारकी मारतो, पाहुण्यांसमोर कुठली गोष्ट फुगवून सांगतो — सगळं. हे एवढं मात्र तिच्याही कानावर घातलेलं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं तर मलाही कळत नाही. थकलोय, एवढंच म्हणता येईल. एखादी गोष्ट लपवायला रोज थोडं थोडं बळ लागतं, आणि या वयात ते बळ दुसरीकडे हवं असतं — जिना चढायला, गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवायला.

नांदुऱ्याला आलात तर कुणीतरी तुम्हाला आमच्या वाचनालयातलं नारायणभाऊंचं दालन दाखवायला नेईलच. दालन म्हणजे तशी एक लांबट खोली. भिंतीभर भाऊंच्या हस्ताक्षरातली पानं, काचेखाली ओळीनं लावलेली. टेबलावर त्यांचा चष्मा, शाईचं पेन, मालधक्क्यावरचा पितळी बिल्ला. दाराशी पाटी आहे. त्या पाटीवर अगदी खाली, बारीक अक्षरात माझं नाव आहे — 'कागदपत्रांची मांडणी आणि जतन'. जतन! तो शब्द मीच सुचवला होता. आता दारातून आत जाताना मी मान वर करत नाही.

भाऊ नांदुरा स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. कापसाच्या गाठी आणि ज्वारीची पोती मोजता मोजता त्यांनी कथा लिहिल्या, आणि त्या कथा पार पुण्यापर्यंत गेल्या. लीलाबाई त्यांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या, म्हणून साऱ्या गावाच्या 'बाई', आणि माझ्याही बाईच. मी दुसऱ्या शाळेत मराठीचा मास्तर. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. उंबऱ्याजवळ एक स्टूल होतं, ते माझं. भाऊ वाचून दाखवायचे, मी ऐकायचो, बाई आतबाहेर करायच्या. वर्षानुवर्षं असं चाललं.

त्या घरात एक रीत होती. भाऊ पहाटे उठून लिहायचे आणि पान तसंच टेबलावर ठेवून ड्युटीवर जायचे. दुपारी शाळेतून आल्या की बाई ते वाचायच्या. वाचून नवऱ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलायच्या नाहीत. पान उलटायच्या आणि त्याच्या पाठीवर चित्र काढायच्या — पेन्सिलीनं, कधी कोळशानं. सुरुवात म्हणे काटकसरीतून झाली. मग ती सवय झाली. आणि मग — कसं सांगू? — तेच त्या दोघांचं बोलणं झालं. भाऊ घरी आले की आधी पान उलटून पाहायचे, मग चहा. आणि दुसऱ्या दिवशी मजकूर बदललेला असायचा.

कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकाशी नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईची भाऊंची कथा आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्या चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीनं बांधलेला असतो आणि सगळी गोष्ट त्या सुतळीवर उभी असते. पहिल्या खर्ड्यात ती सुतळी नाही. ती पाठीवर होती. बाईंनी नुसते पाय काढले होते — भेगाळलेल्या टाचा, आणि एका चपलेला सुतळी. एकदा भाऊंनी कुणावर तरी चिडून पानभर उपदेश लिहिला, तर पाठीवर फक्त एक पालथा घडा निघाला. ते पान भाऊंनी स्वतःच बाद केलं आणि हसत हसत मला दाखवलं. म्हणाले, "पाह्य बे मास्तर, इकडून मी काई खोटं लिवलं ना, का तिकडून ही लगेच उघडं पाडते."

म्हणजे मला हे ठाऊक होतं. एवढं लक्षात असू द्या. अजाणतेपणी झालं, असं मला म्हणता येत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात गेलं की पोरगा विचारतो, एका बाजूनं काढू की पाठपोट? पाठपोट म्हणजे कागद दोन्ही अंगांनी भरलेला. आणि ज्याचं एकच अंग भरलंय, मागे काही नाही, तो पाठकोरा. शाळेत आम्ही पाठकोरे कागद जपून ठेवायचो, पोरांना गणितं करायला. दोन साधे शब्द. माझा सगळा गुन्हा त्या दोन शब्दांच्या मधे आहे.

भाऊ गेले. वाचनालयाच्या समितीनं त्यांचं दालन करायचं ठरवलं, आणि कागद लावायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दुसरं होतं कोण? बाईंना तोवर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. त्यांनी पलंगाखालची लोखंडी पेटी भाच्याकडून ओढून बाहेर काढवली, तिच्यावर हात ठेवला आणि एकच अट घातली.

"पाठपोट ठेवजा हो, मास्तर," त्या म्हणाल्या. "तिकडून त्यायचं, इकडून माहं. एका अंगानं नका ठेवू."

मी म्हटलं, "हाव, बाई."

किती सहज म्हटलं! आजही त्या 'हाव'चा आवाज कानात आहे, त्यात काही खोट नव्हती. तेव्हा मला खरंच तसं करायचं होतं.

पेटी उघडली तर कागदांना कसर लागलेली. कडा हातात घेतल्या की भुगा व्हायच्या. पाठपोट ठेवायचं तर प्रत्येक पान दोन काचांमधे घालून खोलीच्या मध्ये उभं करावं लागणार होतं, म्हणजे माणसाला दोन्हीकडून फिरून पाहता येईल. सुतारानं लाकडी घोडे करायला वेळ मागितला. इकडे उद्घाटनाची तारीख ठरली होती, पुण्याहून पाहुणे येणार होते, भिंती रंगवून तयार होत्या. समितीनं मला घाई केली, असं म्हणायला मला आवडलं असतं. केली नाही. समितीला कागदाला दोन अंगं असतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं. ठरवलं ते मी.

मी मैद्याची खळ शिजवली. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला पोरांना पुस्तकबांधणी शिकवायचो, त्यामुळे खळ मला उत्तम जमते. गाठ राहू देत नाही. त्यात मोरचूद घातलं, म्हणजे पुन्हा कसर शिवणार नाही. हार्डबोर्ड कापून घेतले. आणि एकेक पान पालथं घालून त्याच्या पाठीला — म्हणजे बाईंच्या चित्राला — ब्रशनं खळ लावली आणि बोर्डावर चिकटवून टाकलं. वरून फडक्यानं दाबलं. सुरकुती राहू नये म्हणून मधून कडेकडे दाबत गेलो.

चित्रं दिसत नव्हती का? दिसत होती ना. ब्रश त्यांच्यावरूनच फिरत होता. सुतळीची चप्पल दिसली. एक म्हैस होती, नुसती पाठमोरी. नळावर भांडणाऱ्या दोघी होत्या. कोळसा ओला झाला की आणखी काळाभोर होतो. खळीखाली गेलेली ती चित्रं क्षणभर फार सुंदर दिसायची, आणि मग बोर्डाला लागायची.

मनात काय होतं तेव्हा? हे मी स्वतःला बरेचदा विचारलंय. दुष्टपणा नव्हता. त्याहून साधं आणि वाईट काहीतरी होतं. भाऊंचं ते साहित्य, असं मला वाटत होतं. आणि बाईंचं ते — दुपारच्या वेळात केलेलं काहीतरी. सगळं कळत असूनही असं वाटत होतं. मी मराठीचा मास्तर. मला अक्षर तेवढं खरं दिसतं.

उद्घाटनाला बाईंना हात धरून आणलं. त्यांना खुर्ची दिली, नारळ दिला. मला शाल मिळाली, पुण्याच्या पाहुण्यांच्या हस्ते. टाळ्या थांबल्यावर बाई म्हणाल्या, मले कागदापाशी न्या. मी नेलं. त्यांनी काचेवर तळवा ठेवला. मग बोटं चाचपत कडेला नेली, काचेच्या मागे घालायचा प्रयत्न केला. तिथे भिंत होती. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "ऑपरेशन झालं का येईन पाह्याले."

त्या दिवसापासून मी त्या ऑपरेशनला घाबरू लागलो. हसाल तुम्ही. एका म्हातारीच्या डोळ्यांना एक धडधाकट माणूस घाबरतो! त्यांचा भाचा माझ्याकडे आला होता विचारायला — "मास्तर, नेऊ का मावशीले शेगावले, शिबिर हाये डोळ्यायचं." मी म्हटलं, थंडी जाऊ दे बाबा, या वयात घाई कशाला. तो बिचारा ऐकून गेला. मास्तर सांगतात म्हणजे बरोबरच असणार. तो सगळा हिवाळा बाईंनी आणखी अंधारात काढला, तो माझ्या सांगण्यावरून. हे मी भाच्यालाही कधी सांगितलं नाही.

पण हिवाळा संपतोच. उन्हाळ्याच्या तोंडाशी ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. काळा चष्मा उतरला, नवा लागला, आणि एका सकाळी बाई ऑटोनं एकट्याच वाचनालयात आल्या. मी तिथेच होतो. त्यांनी ओळीनं एकेक पान पाहिलं. अगदी जवळ जाऊन, चष्मा वर करून, खाली करून. भाऊंचं अक्षर किती दिवसांनी दिसलं असेल त्यांना! चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, सुटलो. विसरल्या असतील.

शेवटच्या पानापर्यंत जाऊन त्या वळल्या. "अन् पाठी कुठी हायेत, मास्तर?"

आता इथे मला खरं बोलता आलं असतं. चूक झाली बाई, खळ लावली, चिकटवून टाकलं. त्या रागावल्या असत्या. रडल्या असत्या. गावात माझी शोभा झाली असती, शाल परत करावी लागली असती — करावी लागली असती का? कोण मागणार होतं? नाहीच मागितली असती कुणी. बाईंनी कदाचित चार दिवसांनी चहालासुद्धा बोलावलं असतं. एवढंच तर होतं. एवढंही मला पेललं नाही.

मी म्हणालो, "पाठी कोऱ्याच होत्या, बाई. तुमच्या लक्षात राहिलं नसेल."

मी त्यांच्याशी नेहमी आपल्या बोलीत बोलायचो. मले, तुमाले, असंच. ते वाक्य मात्र शुद्ध मराठीत आलं, शाळेत फळ्यापाशी उभं राहून बोलावं तसं. ठाम, स्वच्छ. चुकलेल्या पोराला समजवायचा जो माझा आवाज होता, तोच. म्हणूनच तर त्यांना ते पटलं असेल.

"कोऱ्या होत्या?" त्यांनी पुन्हा एका पानाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "असन बा. मलेच वाटलं असन मंग."

मला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्यांनी वाद घातला असता तर कदाचित मी मोडलो असतो. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवला, म्हणजे स्वतःवरचा काढून घेतला. दोन्हीकडे पुरेल इतका तो नव्हता.

पुढे हे गावभर झालं. लपवून ठेवायची गोष्ट आहे असं त्यांना कुठे वाटत होतं? बाजारात, देवळात, कुणी भेटलं की स्वतःच हसत सांगायच्या — "मले त वाटे का मी मागून चित्रं काढले होते. पण मास्तर म्हणतेत कोरे होते. त कोरेच असतीन. डोक्सं गेलं बा आता." ऐकणारेही हसायचे. वयाचं चालायचंच, म्हणायचे. मी बाजूला उभा असलो तर मीही हसायचो.

आणि हे चित्रांपाशी थांबलं नाही. एकदा माणसाचा आपल्या आठवणीवरचा भरवसा उडाला की तो कुठपर्यंत उडेल? गॅस बंद केला का, हे बघायला त्या वाटेतून माघारी जायच्या. भाच्याला जुन्या गोष्टी विचारायच्या, तारखा नाहीत, नुसतं झालं होतं की नव्हतं एवढंच. ऑपरेशननंतर पुन्हा चित्रं काढायची म्हणून त्यांनी कागद आणवले होते. ते तसेच खिडकीत पडून पिवळे पडले. मी एकदा विचारलं, काढत का नाही? म्हणाल्या, काढलं अन् उद्या कोरंच निंगालं त? थट्टेनं म्हणाल्या. बहुतेक थट्टेनंच.

एका संध्याकाळी मी माझ्या त्या स्टुलावर बसलो होतो. भाऊंची खुर्ची रिकामी होती. बाई म्हणाल्या, "मास्तर, आमी दोघं सुलतानपूरच्या लग्नाले गेलतो ना? पाऊस आला होता, मांडव पडला होता. का तेही मलेच वाटते?"

मी म्हटलं, "गेलते, बाई. भाऊंनी मले सांगितलं होतं." हे खरं होतं. त्यांचा चेहरा उजळला. मला विचारत होत्या त्या, की आपलं आयुष्य झालं होतं ना? आणि माझी सही घेतल्याशिवाय त्यांना ते खरं वाटेना. मी घरी आलो आणि जेवलो. चांगला जेवलो, हेही सांगून टाकतो.

काहीच केलं नाही असं नाही. नागपूरच्या एका जाणकाराला फोन केला होता, मित्राचं काम आहे असं सांगून. तो म्हणाला, खळ आहे म्हणजे पाण्यात भिजवून कागद सुटू शकेल. मग विचारलं, समोर काय आहे? शाईचा मजकूर, मी म्हटलं. तो म्हणाला, मग शाई फुटेल. मागची पेन्सिल राहील, समोरचं जाईल. कोणतं अंग हवंय ते ठरवा. मी फोन ठेवला. ते मी एकदा ठरवलं होतं, आणि आता दुसऱ्यांदाही तेच ठरवलं. फक्त या वेळी हातात ब्रश नव्हता.

बाई गेल्या उन्हाळ्यात गेल्या. शेवटी शेवटी कुणालाच काही विचारत नव्हत्या. दालनात आता त्यांचाही फोटो आहे, भाऊंच्या फोटोच्या शेजारी, खाली लिहिलंय — 'लेखकाच्या पत्नी'. तोही मजकूर माझाच.

इतकं सांगितलं, आणि अजून मूळ गोष्ट सांगितलेली नाही. बघा कसा आडवळणानं चाललोय. चूक सांगितली, खोटं सांगितलं. एवढ्यावर थांबलो तर तुम्ही मला भित्रा म्हणाल आणि सोडून द्याल. भित्रा म्हणवून घ्यायला मी केव्हाही तयार आहे.

एक पान मी चिकटवलं नव्हतं.

ब्रश हातात होता, पान पालथं घातलं, आणि पाठीवर मी होतो. उंबऱ्याजवळच्या त्या स्टुलावर, पिशवी मांडीवर घेऊन, मान थोडी तिरपी. माझ्या खिशाची शिवण उसवलेली असायची, तीही काढली होती. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं — मी भाऊंचं ऐकत होतो. माझं चित्र आयुष्यात दुसऱ्या कुणी काढलं नाही. मी इतका छान दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं. ब्रश बाजूला ठेवला, हात धुतले, पान वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं. भिंतीवर त्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून दोन्हीकडची पानं सरकवून घेतली. ती कथा कुठे छापून आलेली नव्हती, आणि भिंतीवर आता तिथे एक वाक्य अर्ध्यावर तुटतं. एका अभ्यासकानं नंतर लिहिलं, की हा तुटकपणा म्हणजे लेखकाचा धाडसी प्रयोग आहे. तो लेख मी वाचनालयाच्या फलकावर लावला.

म्हणजे चित्र जपण्यासारखं असतं, हे मला कळत होतं. माझं होतं तेव्हा कळलं. त्यानंतर पुन्हा खळीचं भांडं पुढे ओढलं आणि उरलेली सगळी चिकटवली.

आणि ज्या सकाळी बाईंनी पाठी कुठे आहेत असं विचारलं, त्या सकाळी ते पान माझ्या कपाटात होतं. वाचनालयापासून माझं घर हाकेच्या अंतरावर आहे. जाऊन आणलं असतं, त्यांच्या हातात ठेवलं असतं, तर त्यांना निदान कळलं असतं की आपलं डोकं ठीक आहे. एका पानानं झालं असतं. सुलतानपूरचं लग्नही मग कुणाला विचारावं लागलं नसतं. बाई त्यानंतर किती वर्षं होत्या, कितीदा त्यांच्याकडूनच घरी आलो, कितीदा ते कपाट उघडलं. नाही दिलं. आधी पकडला जाईन म्हणून नाही दिलं. पुढे पुढे, खरं सांगतो, मला ते द्यायचंच नव्हतं.

ते अजून तिथेच आहे. सत्काराच्या शाली एकावर एक ठेवल्यात, त्यांच्या तळाशी. वाचनालयाची शाल सगळ्यात वर आहे. काल दुपारी बायको बाहेर गेल्यावर काढलं होतं. खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं. एकदा उलटून भाऊंचं अक्षर पाहिलं, पुन्हा उलटून मला पाहिलं. मग फाटकाचा आवाज आला, तसं घडी पडणार नाही अशा बेतानं परत शालींच्या खाली ठेवून दिलं.